गावाकडच्या जमिनीचे कागद पहिल्यांदा हाती घेताना

आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरची जमीन, ती कसणारे गावाकडचे काका आणि शहरात नोकरी करणारी पुढची पिढी. आपल्याकडच्या असंख्य घरांत हेच चित्र आहे. वडील गेल्यावर कागदांची पिशवी समोर येते आणि तिच्यातला एकही कागद नीट वाचता येत नाही. हा लेख अशा वेळी पहिल्यांदा तलाठी कार्यालयाची पायरी चढणाऱ्यांसाठी आहे.

जमिनीची कामे रखडण्याची कारणे पुष्कळ आहेत. पण त्यांतली दोन कारणे आपल्याच हातातली आहेत. नोंद वेळेवर केलेली नसते, आणि एकाच गोष्टीला घरात एक शब्द, तलाठ्याकडे दुसरा आणि मोजणी खात्यात तिसरा असतो. सगळ्यांनी एक शब्द एकाच अर्थाने वापरला, तरी निम्मे हेलपाटे वाचतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १ : कोणते काम कोणाचे, आणि कोणता शब्द कशासाठी

जमिनीशी चार कार्यालयांचा संबंध येतो. हक्काची नोंद महसूल खाते ठेवते : गावात तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), वर मंडळ अधिकारी म्हणजे बोलीतले ‘सर्कल’, मग तहसीलदार आणि प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. नकाशा, क्षेत्र आणि हद्द हे भूमी अभिलेख खात्याचे, म्हणजे बोलीतल्या मोजणी खात्याचे काम. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र हे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जातात. गावठाणातल्या घराचा कर ग्रामपंचायत घेते. हद्दीचा वाद घेऊन तलाठ्याकडे गेलात किंवा वारसाचे नाव लावायला मोजणी कार्यालयात गेलात, तर दिवस वाया जातो.

सर्वांत जास्त गोंधळ ‘नोंदणी’ आणि ‘नोंद’ या दोन शब्दांचा होतो. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे झाले की नोंदणी झाली. त्या खरेदीखतावरून गावच्या दप्तरात, गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत, बदल लिहिला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, तेव्हा नोंद झाली. नोंदणी झाली म्हणून निर्धास्त झालेल्या आणि सातबाऱ्यावर अजूनही जुन्या मालकाचे नाव असलेल्या खरेदीदारांची संख्या मोठी आहे. आता नोंदवलेल्या दस्ताची माहिती ई-फेरफार प्रणालीतून आपोआप तलाठ्याकडे जाते. तरीही नोंद मंजूर झाली की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यायची जबाबदारी आपलीच.

दुसरा शब्द ‘उतारा’. नुसता उतारा मागू नका. कोणता ते सांगा. सातबारा म्हणजे एका गटाची, म्हणजे दप्तरात स्वतंत्र नंबर असलेल्या जमिनीच्या एका तुकड्याची माहिती : त्या गटात कोणकोण खातेदार, किती क्षेत्र, कोणते पीक. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर त्या गावात असलेल्या सगळ्या जमिनींची यादी. आणि ग्रामपंचायतीचा ‘आठ’ हा तिसराच कागद, घराच्या कर आकारणीचा. घर आपल्या नावावर आहे हे दाखवायला लोक तो पुढे करतात, पण कर कोण भरतो एवढेच त्यावरून कळते. गावठाणातल्या घराच्या मालकीसाठी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड लागते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाणाची मोजणी आधी करून पाहिली गेली. पुढे एप्रिल २०२० मध्ये देशभरासाठी स्वामित्व योजना सुरू झाली. तुमच्या गावचे गावठाण मोजून झाले असेल तर मिळकत पत्रिका काढून ठेवा.

तिसरी जोडी सर्व्हे नंबर आणि गट नंबर. जिथे विखुरलेले तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. जिथे झाली नाही, तिथे आजही सर्व्हे आणि हिस्सा नंबरच चालतात. म्हणून १९५० च्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्यात शोधून सापडत नाही. जुना नंबर कोणत्या गटात गेला, हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या कागदांवरून कळते.

चौथी गोष्ट मापाची, आणि इथे खरा पैसा जातो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहितात. घरात मात्र एकर आणि गुंठे. एका हेक्टरचे १०० आर, एका आरचे १०० चौरस मीटर. गुंठा ब्रिटिश काळातल्या मोजणीच्या ३३ फुटी साखळीतून येतो : ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. आर आणि गुंठा इतके जवळजवळ आहेत की लोक दोन्ही एकच समजतात. दीड एकर म्हणजे ६० गुंठे, आणि सातबाऱ्यावर ते ०.६०.७० असायला हवे. तिथे कोणी ०.६०.०० लिहिले, तर ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जमीन गेली. गावालगत तेवढ्यात एक घर उभे राहते. वाटणीच्या बोलण्यात कोणते माप वापरतोय, हे पहिल्या वाक्यातच ठरवून घ्या.

पायरी २ : घरातली नावे आणि दप्तरातले नंबर जोडा

गावात कोणी ‘गट नंबर २१४’ म्हणत नाही. ‘चिंचेचं वावर’, ‘ओढ्याकाठची पट्टी’, ‘वरचा माळ’ असेच म्हणतात. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकानाही आहे, पण तो बहुधा रिकामाच असतो. घरातल्या सर्वांत वयस्क माणसासोबत बसा आणि एका वहीत लिहून काढा : शेताचे बोलीतले नाव, गट नंबर, सातबाऱ्यावरचे क्षेत्र, प्रत्यक्ष कोण कसतो, पाणी कुठून येते, जायची वाट कोणाच्या बांधावरून. हे काम आजी-आजोबा आहेत तोवर करा. वाट आणि पाणी यांची माहिती सरकारी कागदात फारशी उतरत नाही, ती त्यांच्याच डोक्यात असते.

पायरी ३ : सातबारा वाचायला शिका

महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीसाठी. कामाला लागतो तो डिजिटल स्वाक्षरी असलेला. १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो.

सातबारा म्हणजे दोन नमुने. वरचा गाव नमुना ७, अधिकार अभिलेख पत्रक. खालचा गाव नमुना १२, पिकांची नोंदवही. वाचताना मी सांगेन तो क्रम धरा.

आधी भूधारणा पद्धती, म्हणजे जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे, ते पाहा. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर जमीन विकायला, गहाण ठेवायला सहसा परवानगी लागत नाही. ‘वर्ग २’ असेल तर थांबा. इनाम, वतन, कूळ कायद्याने मिळालेली, पुनर्वसनाची किंवा सरकारने दिलेली अशी ती जमीन असू शकते आणि तिच्या हस्तांतरावर अटी असतात. ‘नवीन अविभाज्य शर्त’ असा शेरा दिसला तरी हाच अर्थ. परवानगी न घेता केलेला व्यवहार शर्तभंग ठरतो आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मग क्षेत्र. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब वेगळे दाखवलेले असते. पोटखराब वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीस अयोग्य भाग. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक वापराचा भाग. वर्ग ‘ब’ मोजून जमिनीची किंमत करणे चूक. सगळ्या खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज स्वतः करा आणि एकूण क्षेत्राशी ताडून पाहा. संगणकीकरणात झालेल्या चुका इथेच सापडतात.

नावांच्या रकान्यात प्रत्येक नावापुढे खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक असतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यात नाव कंसात असेल तर त्या व्यक्तीचा हक्क संपला आहे. २०२० च्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी नावावर आडवी रेघ येते. नव्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख, आणि प्रलंबित फेरफार असल्यास तोही दिसतो. हा प्रलंबित फेरफार नेहमी पाहा. तिथे आकडा असेल, तर जमिनीबाबत काहीतरी चालू आहे.

शेवटी ‘इतर अधिकार’. माझ्या मते सातबाऱ्यातली सर्वांत महत्त्वाची जागा ही, आणि सर्वांत कमी वाचली जाणारीही हीच. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद), कूळ, विहिरीतला हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम, पुनर्वसनाचा शेरा, सगळे इथे येते. कर्ज फिटून दहा वर्षे झाली तरी बोजा तसाच असतो, कारण तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून बेबाकीचा, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज करावा लागतो.

दोन संक्षेप हमखास भेटतील. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता : नाव लागले तेव्हा मूल सज्ञान नव्हते. ते मूल आज पन्नाशीला आले तरी शेरा राहिलेला असतो आणि कर्जाच्या वेळी अडतो. वयाचा पुरावा जोडून काढून घ्या. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी कर्त्या भावाचे एकट्याचे नाव लावत, बाकीचे भाऊ-बहीण त्या शेऱ्यामागे असत. पुढच्या पिढीत कर्त्याची मुले जमीन आपलीच समजतात आणि बाकीच्यांची मुले कोर्टात जातात. हा शेरा दिसला, तर सगळे हयात आणि एकमेकांशी बोलत आहेत तोवर खरी नावे लावून घ्या.

एक लक्षात असू द्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे या नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात. म्हणजे सातबारा वजनदार पुरावा आहे, पण मालकीचा अंतिम निवाडा नाही. त्याच्या मागे दस्त किंवा वारसा असावाच लागतो.

पायरी ४ : फेरफार मागे मागे वाचत जा

आजच्या सातबाऱ्यावर तुमच्या वडिलांच्या नावापुढे जो फेरफार क्रमांक आहे, त्याची नक्कल काढा. त्यात आधीचा क्रमांक मिळेल. असे मागे जात राहा. जुने स्कॅन केलेले अभिलेख बऱ्याच जिल्ह्यांत ऑनलाइन मिळतात. बाकीचे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून. मराठवाड्यात १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक आणि पुढची पहाणी पत्रके हाच मूळ आधार असतो, त्यातले काही उर्दूत. पश्चिम महाराष्ट्रात जुने कागद मोडी लिपीत असतात. वाचून देणारी जाणकार माणसे आहेत. लिप्यंतर करून मूळ कागदासोबत ठेवा. गोव्यात जमीन असेल तर सातबाऱ्याच्या जागी ‘नमुना १ व १४’ मागावा लागतो.

या वाचनात कुठे तरी एक दुवा निखळलेला सापडतो : आजोबांच्या नंतर एका आत्याचे नाव गळालेले, किंवा एका विक्रीत क्षेत्र चुकलेले. तो आत्ता सापडलेला बरा.

पायरी ५ : वारस नोंद

बहुतेक वाचकांचे काम हेच असेल. कायद्याने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. प्रत्यक्षात लोक दोन-दोन पिढ्या थांबतात, आणि मग चार वारसांच्या जागी चाळीस सह्या लागतात. सातबाऱ्यावरची मयत नावे काढून वारसांची लावण्यासाठी सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. बुलढाण्यात सुरू होऊन ती एप्रिल २०२५ पासून राज्यभर नेली. मोहिमेची वाट न पाहताही काम होते.

अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. बोजा चढवणे-उतरवणे, अ.पा.क. आणि ए.कु.मॅ. शेरे कमी करणे यांचे अर्जही तिथेच. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-वये-पत्ते-नाते सांगणारे शपथपत्र, आठ-अ आणि ओळखीचे पुरावे जोडा. तलाठी आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये लिहितात आणि स्थानिक चौकशी करतात. वारस ठरले की फेरफार लिहिला जातो. संबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. वारस नोंदीला सरकारी शुल्क नाही. कोणी मागितले तर पावती मागा.

आता वारस कोण, याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आईही येते. आधीच वारलेल्या मुलाची बायको-मुलेही. आईचे नाव विसरणे ही नेहमीची चूक. मुलींचे नाव गाळणे ही मात्र चूक म्हणता येत नाही, ती ठरवून केलेली गोष्ट असते. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी शपथपत्रात बहिणी लपवल्या जातात, किंवा त्यांची नावे खातेदारांत न घालता ‘इतर अधिकारात’ लिहून टाकतात. असे शपथपत्र खोटे ठरते आणि नोंद वर्षांनंतरही उलटते. बहिणीला हिस्सा नको असेल, तर आधी तिचे नाव लागू द्या; मग तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. लग्नातल्या आहेराच्या बदल्यात कोऱ्या कागदावर सही घेण्याने हक्क सुटत नाही.

पायरी ६ : वाटणी वेगळी, वारस नोंद वेगळी

वारस नोंदीनंतर सगळ्यांची नावे सामाईकात येतात. कोणाचा तुकडा कोणता, हे तेव्हा ठरलेले नसते. वाटणीसाठी सर्वांची संमती असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते. संमती नसेल तर दिवाणी न्यायालय.

वाटणीपत्रात क्षेत्राइतकेच विहिरीचे पाणी, वीजजोडणी, बांधावरची झाडे आणि जायची वाट लिहा. भावाभावांत नंतर होणारी भांडणे बहुतेक याच चार गोष्टींवरून होतात. तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ते क्षेत्रही पाहून घ्या : २०२३ पासून बहुतांश जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे, बागायतीसाठी १० गुंठे. पुढे नियमांत बदल झाले आहेत, म्हणून तालुक्यातून आजची स्थिती विचारा.

एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा ताबा किमान १२ वर्षे अदलाबदल झालेला असेल, तर २०२३ च्या सलोखा योजनेत नाममात्र मुद्रांक आणि नोंदणी शुल्कात कागद दुरुस्त करण्याची सोय केली होती. योजना तुमच्या वेळी चालू आहे का, तेवढे पाहा.

पायरी ७ : कागद जमिनीवर उतरवा

मोजणीचा अर्ज ई-मोजणी प्रणालीतून करतात. हद्द कायम हवी, की पोटहिस्सा (गटातला वेगळा तुकडा) मोजून हवा, हे अर्जातच लिहा. दोन्ही कामे वेगळी आहेत. काम नियमित किंवा द्रुतगती, शुल्क त्याप्रमाणे. मोजणीदार येण्याआधी लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. तरीही आदल्या दिवशी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगा. शेजारी समोर असताना खुणा झाल्या, तर पुढचा निम्मा वाद तिथेच मिटतो. खुणांच्या जागी त्याच दिवशी दगड रोवा. बांबूच्या काठ्या पहिल्या नांगरटीला जातात. मोजणीनंतर मिळणारा नकाशा म्हणजे ‘क’ प्रत, ती जपा. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते.

पायरी ८ : चूक दिसली तर

नाव, आडनाव, आकडा उतरवताना झालेली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा, मूळ फेरफाराची नक्कल जोडून. नोंदच मुळात पटत नसेल, तर कलम २४७ प्रमाणे प्रांतांकडे अपील; मुदत ६० दिवस. १५५ चा अर्ज करून अपिलाचे दिवस घालवू नका. महसूल कार्यालय वारसा आणि मालकीचे गुंतागुंतीचे वाद सोडवत नाही. तिथे वकिलाकडेच जावे लागते.

दरवर्षी एकदा

पिकाची नोंद आता शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीतून मोबाइलवर करतो. ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर आहे. पीकविमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी या नोंदीवर अवलंबून असल्याने हंगामाची मुदत चुकवू नका. शेत दुसरा कोणी कसत असेल, तर नोंद कोण करणार हे पेरणीआधी ठरवा.

त्याच सुमारास सगळ्या गटांचे सातबारे आणि आठ-अ नव्याने काढा, गेल्या वर्षीच्या प्रतींशी ताडून पाहा आणि सर्व भावाबहिणींना पाठवा. नवा फेरफार क्रमांक दिसला आणि तो कशाचा हे घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर त्याच आठवड्यात त्याची नक्कल मागवा. साठ दिवस लवकर सरतात.